आपल्या गावाची बखर आपणच लिहावी
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



 अशा समारंभात शिक्षणाचे महत्त्व सांगण्याचा प्रघात आहे. परंतु ते महत्त्व आपणांस पटवून देण्याची गरज मला वाटत नाही. ते पटले नसते तर एवढे पालक एका दिवसाची मजुरी बुडवून येथे येऊन बसलेच नसते. म्हणून आज मी एका वेगळ्या विषयावर बोलणार आहे. आपल्या गावाची ओळख कशात आहे आणि ती कशी टिकवावी, हा तो विषय.

सुरुवात वर्गातील एका अनुभवाने करतो. मी मराठी शिकवतो. माझ्या वर्गातील बरीच मुले कामठीची आहेत आणि मी स्वतःही कामठीतच लहानाचा मोठा झालो. एकदा मी मुलांना 'माझे गाव' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. वह्या तपासू लागलो तो जवळजवळ प्रत्येक वहीत एकच गाव! गावाच्या पूर्वेस डोंगर, डोंगरातून झुळझुळ वाहणारा ओढा, गावात एक टुमदार मंदिर किंवा मशीद, आणि कष्टाळू शेतकरी. एका मुलाला विचारले, "बाबा रे, कामठीत डोंगर कोठून आणलास?" तो म्हणाला, "सर, गाईडमध्ये आहे."

वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी जाताना ही गोष्ट मनाला लागून राहिली. ज्याच्या दारापासून कन्हान नदी हाकेच्या अंतरावर आहे, त्या मुलाला आपल्या निबंधात कन्हान लिहावीशी वाटली नाही. ज्याच्या आजोबांचे आयुष्य मागावर गेले, त्याने गावात शेतकरी राहतात असे लिहिले. त्याला आपले गाव ठाऊक नव्हते असे नाही. आपले गाव लिहिण्याजोगे आहे, हेच त्याला कोणी सांगितले नव्हते. दोष त्याचा नव्हता, आम्हा शिक्षकांचा होता.

आता ग्रंथांत कामठीविषयी काय सापडते ते पाहू. १८१७ साली सीताबर्डीची लढाई झाली आणि नागपूरच्या भोसल्यांचे राज्य इंग्रजांच्या वर्चस्वाखाली गेले. त्या राजधानीवर नजर ठेवता यावी म्हणून १८२१ साली इंग्रजांनी कामठीला लष्करी छावणी वसवली. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या १९११ सालच्या आवृत्तीत आपल्या गावावर एक छोटी नोंद आहे. कन्हान, पेंच आणि कोलार या नद्यांच्या संगमाच्या किंचित खाली वसलेले, रेल्वेने नागपूरपासून दहा मैलांवर असलेले हे शहर. १९०१ ची लोकसंख्या ३८,८८८ आणि १८८१ पासून ती सारखी घटत आलेली. रेल्वे आल्यावर येथील व्यापार बराचसा नागपूरकडे वळला आणि फौजही कमी करण्यात आली. रस्ते रुंद आहेत, बागा आणि तलाव आहेत. संपली कामठी!

मित्रहो, ही माहिती खोटी नाही. परंतु 'व्यापार नागपूरकडे वळला' या तीन शब्दांत किती घरांच्या चुली मंदावल्या असतील याचा विचार करा. फौज कमी झाली म्हणजे धोब्याचे कपडे कमी झाले, शिंप्याची शिलाई कमी झाली, खाटकाचे गिऱ्हाईक गेले, टांगेवाल्याची फेरी गेली. कोण नागपूरला गेला, कोण मुंबईची वाट धरून गेला, आणि कोण येथेच पाय रोवून राहिला? हे कोणत्याही कोशात नाही. ते फक्त माणसांजवळ होते. त्या पिढीतील माणसे केव्हाच अल्लाहला प्यारी झाली आणि ती हकीकत त्यांच्याबरोबर गेली.

आपल्या मोहल्ल्यांची नावे घ्या. मोदी पडाव, कोळसा टाल, भाजी मंडी, वारिसपुरा, इस्माईलपुरा, बुनकर कॉलनी. आपण रोज ही नावे घेतो, रिक्षावाल्याला सांगतो, पत्त्यात लिहितो. मोदी म्हणजे धान्य-किराणा विकणारा आणि पडाव म्हणजे मुक्काम, एवढा शब्दाचा अर्थ मी शिक्षक म्हणून सांगू शकतो. पण तेथे मुक्काम कोणाचा पडत असे, माल कोठून येई, कोणास विकला जाई, हे मला शब्दकोशात मिळणार नाही. ते त्या मोहल्ल्यातील ऐंशी वर्षांच्या आजीबाईला विचारावे लागेल, आणि तेही तिच्या हयातीतच.

आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज विणकर. १८५७ च्या उठावानंतरच्या धामधुमीत आणि पुढील काळात उत्तरेकडून मोमीन विणकरांची कुटुंबे दक्षिणेकडे निघाली. कोणी बऱ्हाणपूरला थांबले, कोणी मालेगावला, कोणी भिवंडीला, कोणी नागपूरला आणि कामठीला. त्यांनी बरोबर फारसे काही आणले नाही. हातातील हुन्नर तेवढा आणला. घरातच जमिनीत खड्डा खणायचा, त्यात पाय सोडून बसायचे आणि माग चालवायचा. वरवर पाहणाऱ्यास वाटते की माग एक माणूस चालवतो. प्रत्यक्षात तो सारे घर चालवत असे. सुताला खळ द्यायची, ताणा लांबवून नीट करायचा, फणीतून एकेक धागा ओवायचा, चरख्यावर नऱ्या भरायच्या. या कामांत बायका, मुले, म्हातारी माणसे सर्वांचे हात लागत. कारागिराने धोटा फेकला म्हणजे त्यातील नरी घरातल्या कोणीतरी पहाटे उठून भरलेली असे. ज्या नऊवारी लुगड्यात विदर्भातील किती तरी शेतकरी भगिनींनी आयुष्य काढले, त्या लुगड्यांत आपल्या आजीच्या हातच्या नऱ्या होत्या.

आता एक तुलना करतो. नागपूरला जमशेटजी टाटांनी १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू केली. ती गिरणी आता नाही. जेथे तिचा भोंगा वाजे, तेथे आज मॉल उभा आहे. परंतु टाटांच्या उद्योगांची कागदपत्रे जपण्यासाठी पुण्याला स्वतंत्र अभिलेखागार आहे. मालकाचा इतिहास लिहावयाचा तर कागद मिळतील. हे चांगलेच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण कामठीच्या खड्ड्यातील मागाचे अभिलेखागार कोठे आहे? माग मोडला, त्याचे लाकूड चुलीत गेले, खड्डा बुजवून वर फरशी घातली. आता त्या मागाची नोंद एकाच ठिकाणी उरली आहे. ज्याने तो चालवला त्याच्या डोक्यात आणि त्याच्या हातांत.

मी 'हातांत' हा शब्द मुद्दाम वापरला. त्या डोंगरवाल्या निबंधानंतर मी मुलांना दुसरा निबंध दिला. घरातील सर्वांत वयोवृद्ध माणसाला एकच प्रश्न विचारायचा, "तुम्ही माझ्या वयाचे होता तेव्हा दिवसभर काय करत होता?" आणि उत्तर जसेच्या तसे लिहून आणायचे. दुसऱ्या दिवशी एक मुलगा कोरी वही घेऊन आला. हुशार मुलगा, वह्या कधी अपुऱ्या नसत. मी कारण विचारले. तो काही बोलेना. मधल्या सुट्टीत जवळ घेऊन विचारले तेव्हा म्हणाला, "सर, दादा माग चालवत होते. सगळे हसतील."

मी त्याला रागावलो नाही. त्याच्या जागी मीही असाच होतो. शाळेत वडिलांचा धंदा विचारला की 'व्यापार' असे सांगणारी आपली एक पिढी होऊन गेली आहे. मी त्याला एवढेच म्हणालो की वर्गात वाचू नकोस, फक्त मला दाखव. त्याने घरी जाऊन दादांना विचारले तर दादाच उखडले. "क्या लिखेगा बेटा? गरीबी भी कोई लिखने की चीज है?" आता बोला! नातवाला लाज, आणि आजोबांनाही लाज. दोघांच्या मध्ये साठ वर्षांचे काम, आणि त्याविषयी घरात एक शब्द नाही.

मुलगा चिकाटीचा निघाला. त्याने प्रश्न बदलला. म्हणाला, "दादा, ताण्यातला धागा तुटला तर काय करत होता?" म्हाताऱ्याने घरातले शिवणाचे सूत मागवले, दोन टोके घेतली आणि बोटांनी अशी गाठ मारली की मुलाला ती दिसलीच नाही. पुन्हा मारून दाखवली, मग नातवाच्या बोटांकडून मारवून घेतली. गाठ शिकवता शिकवता तोंड उघडले ते रात्री उशिरापर्यंत मिटले नाही. सूत महाग झाले तेव्हा काय केले, यंत्रमाग आल्यावर शेजारचे माग एकामागून एक कसे बंद पडले, कोणी हमाली धरली, कोणी रिक्षा, आणि आपला माग विकला त्या दिवशी दादीने स्वयंपाक केला नाही. मुलाने साडेपाच पाने लिहून आणली. ती त्याने वर्गात स्वतः उभे राहून वाचली. कोणी हसले नाही. नंतर चार मुले गाठ शिकायला त्याच्याभोवती जमली.

त्या दादांचे पुढच्याच वर्षी निधन झाले. घरात त्यांचा एक लग्नातील फोटो आहे, रेशन कार्डावर नाव आहे, आणि ही साडेपाच पाने आहेत.

आपण विचाराल, गुरुजी, तुम्ही स्वतः काय केले? उत्तर द्यायला संकोच वाटतो, पण देतो. माझी नानी मी कॉलेजात असेपर्यंत हयात होती. आमचे लोक उत्तरेतील ज्या गावाहून आले त्या गावाचे नाव ती सांगत असे. तिला ते तिच्या दादीने सांगितले होते. मी बी.ए. करत होतो, परीक्षेसाठी राजांच्या वंशावळी पाठ करत होतो. नानीच्या तोंडचे ते एक नाव मात्र मी लिहून घेतले नाही. आज आमच्या घरात ते कोणालाही ठाऊक नाही. एक शब्द लिहायला किती वेळ लागला असता? तो शब्द आता मला कोणतेही विद्यापीठ देऊ शकत नाही. म्हणून आज मी आपणांस उपदेश करतो आहे असे समजू नका. जो माणूस गाडी चुकला आहे, तो फलाटावरून दुसऱ्यांना हाका मारतो आहे.

सामान्य माणसांच्या आयुष्यातून गावाचा इतिहास लिहिणे ही काही नवी कल्पना नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहून खेड्यातील कामकरी लोकांचा व्यवहार नोंदवून ठेवला. इंग्लंडात रोनाल्ड ब्लाइद नावाच्या लेखकाने १९६९ साली 'एकनफील्ड' हे पुस्तक प्रसिद्ध केले. सफोक परगण्यातील खेड्यांतील लोहार, शिक्षक, कबर खोदणारा अशा माणसांनी आपापली हकीकत त्यात सांगितली आहे. आपल्या नागपुरात वसंत मून यांनी १९९५ साली 'वस्ती' हे आत्मकथन लिहिले. ज्या गरीब दलित वस्तीत ते वाढले तेथील माणसे, आखाडे, चळवळ, सारे त्यात आहे. त्या पुस्तकामुळे नागपूरचा एक मोहल्ला कायमचा वाचला. तत्पूर्वी १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून, त्यांच्याकडून ऐकून 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध केला. जे आपल्या शेजाऱ्यांनी केले ते आपण का करू नये?

आणि आपल्याला तर ही गोष्ट परकी वाटण्याचे कारणच नाही. हदीस संग्रहित करणाऱ्या विद्वानांनी काय केले? अमुक गोष्ट कोणी सांगितली, त्याने कोणाकडून ऐकली, त्याने कोणाकडून, ही साखळी, म्हणजे इसनाद, तपासल्याशिवाय त्यांनी ती स्वीकारली नाही. सांगणाऱ्या माणसांची चरित्रे, त्यांची सचोटी आणि स्मरणशक्ती यांचा अभ्यास करणारे 'अस्मा-उर-रिजाल' हे स्वतंत्र शास्त्रच निर्माण झाले. धर्माच्या बाबतीतील ती काटेकोर कसोटी आणि आपल्या घरगुती हकीकती यांची बरोबरी मी करत नाही. परंतु ऐकलेली गोष्ट जबाबदारीने कशी नोंदवावी याचा धडा आपल्या परंपरेत तेव्हापासून आहे, एवढे निश्चित.

गावाची ओळख इमारतींपेक्षा माणसांच्या परस्परांशी वागण्यात असते. कामठीचीच दोन उदाहरणे घ्या. हजरत ताजुद्दीन बाबांचा जन्म १८६१ साली कामठीत झाला. फौजेत नोकरी झाली, पुढे लोकांनी त्यांना वेडे ठरवले आणि १८९२ साली ते नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाले. तेथून त्यांना आपल्या जबाबदारीवर सोडवून शक्करदऱ्याच्या वाड्यात सन्मानाने ठेवले ते राजे रघुजीराव भोसले यांनी. १९२५ साली बाबांचे निधन झाले. आजही ताजबागेत सर्व धर्मांचे लोक येतात.

दुसरे उदाहरण बाबू हरदास एल. एन. यांचे. १९०४ साली जन्मलेले, कामठीचे रहिवासी, विडी कामगारांचे पुढारी, डॉ. आंबेडकरांचे निष्ठावंत अनुयायी. १९३७ साली ते मध्यप्रांताच्या विधानसभेवर निवडून आले आणि १९३९ साली, ऐन पस्तिशीत वारले. 'जय भीम' या अभिवादनाचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. असे सांगतात की मुसलमान एकमेकांना भेटताच 'अस्सलामु अलैकुम', 'वालैकुम अस्सलाम' म्हणतात हे पाहून, एका मौलवींना त्याचा अर्थ विचारून, आपल्या बांधवांसाठीही असेच काही असावे हा विचार त्यांच्या मनात आला. पाहा, एका मोहल्ल्यातील सलाम दुसऱ्या मोहल्ल्याने ऐकला आणि त्यातून साऱ्या देशात पोहोचलेला शब्द निघाला. ही कामठी आहे. ती गाईडमधल्या डोंगरापेक्षा मोठी आहे.

आता काम कसे करावयाचे ते थोडक्यात सांगतो. विद्यार्थ्यांनी हे लक्ष देऊन ऐकावे.

प्रथम, मोठा प्रश्न विचारू नका. "तुमचे जीवन सांगा" म्हटले की माणूस गप्प बसतो. कामाबद्दल विचारा, हाताबद्दल विचारा. विडी वळणाऱ्या खालाला विचारा की तेंदूचे पान कसे कापत होता, दिवसाला हजार विड्या पुऱ्या करायला केव्हा बसावे लागे, विड्या नापास झाल्या तर काय होई.

दुसरे, आजोबांना विचारता तसे आजीलाही विचारा. पुरुष बोलू लागले की बायका उठून चहा करायला जातात. चहा तुम्ही करा आणि आजीला बसवा.

तिसरे, ज्या भाषेत सांगतील त्याच भाषेत लिहा. आमच्या कामठीची हिंदी ना लखनौची ना दिल्लीची. तिच्यात मराठी मिसळलेली आहे. ती सुधारू नका. मागाच्या प्रत्येक भागाचे जे नाव घरात होते तेच लिहा.

चौथे, पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवा. नानीने स्वतः पाहिले असेल तर तसे लिहा. तिच्या आईकडून ऐकले असेल तर तसे लिहा. सन आठवत नसेल तर दटावू नका. १९५६ साली नागपूरची राजधानी गेली आणि त्याच वर्षी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली. १९६५ आणि १९७१ ला लढाया झाल्या. "तेव्हा तुम्ही शाळेत जात होता का, लग्न झाले होते का?" असे विचारले की साल आपोआप सापडते.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे. लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवा. "हे काढून टाक" म्हणाले तर काढून टाका. घरातील भांडण, कोणाचे कर्ज, कोणाची बदनामी, हा गावाचा इतिहास नव्हे. ती अमानत आहे. तिचा भंग करून मिळवलेल्या पानांत बरकत नाही.

आज प्रत्येक घरात मोबाईल आहे. त्यावर आवाज जरूर घ्या. पण मोबाईल बिघडतो, हरवतो, विकला जातो. म्हणून ऐकून कागदावरही उतरवा. एक प्रत घरी ठेवा, एक शाळेच्या ग्रंथालयात द्या. वर नाव, वय, मोहल्ला, तारीख आणि लिहून घेणाऱ्याचे नाव असू द्या. जुनी कागदपत्रे, पास, पावत्या, निकाहनामे रद्दीत देण्यापूर्वी त्यांचा निदान फोटो काढून ठेवा.

काही पालक मनात म्हणत असतील, याने मुलाचे गुण वाढतील काय? माझा अनुभव असा की जो मुलगा आजीचे बोलणे ऐकून पाच पाने लिहितो, त्याला पुढे निबंधासाठी गाईड लागत नाही. परंतु गुण वाढले नाहीत तरीही मी हे काम सांगेन. कारण ज्याला आपल्या घरच्या कष्टांची लाज वाटते तो शिकून मोठा झाला तरी मनाने चोरासारखा वावरतो. ज्याला ते कष्ट ठाऊक आहेत तो ताठ मानेने वावरतो, आणि दुसऱ्याच्या कष्टाचीही कदर करतो.

नागपूर वाढत आहे. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात कन्हानपर्यंतचा मार्ग मंजूर झालेला आहे. उद्या कामठी हे नागपूरचे एक उपनगर होईल, आणि तेथे येणाऱ्या नव्या माणसाला ते केवळ एका स्टेशनाचे नाव वाटेल. प्रगतीला आपला विरोध नाही; आपल्या मुलांनाही त्याच गाडीने कॉलेजला जायचे आहे. फक्त गाव बदलण्यापूर्वी ते एकदा नीट लिहून ठेवू या.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. मुलगा वही घेऊन जवळ आला तर "जा, अभ्यास कर" म्हणू नका. तो अभ्यासच करतो आहे. आणि विद्यार्थ्यांना एकच गृहपाठ देतो, त्याला मुदत नाही असे समजू नका. आज घरी गेल्यावर सर्वांत वयोवृद्ध माणसाजवळ बसा आणि आपले लोक कोणत्या गावाहून आले ते विचारा. ते नाव आजच लिहून ठेवा.